एल्स सक्तीचा का, आणि लूपमधून मध्येच बाहेर कसं पडायचं?

प्रश्न थोडक्यात असा आहे. विचारणाऱ्यांनी जावा आणि पायथनमध्ये काम केलंय, आता हास्केल शिकताहेत. सरावासाठी त्यांनी एसटीच्या तिकिटाचं भाडं काढणारा छोटा प्रोग्रॅम घेतला. नियम त्यांनी असे धरलेत: पाच वर्षांखालच्या मुलांना तिकीट नाही, ५ ते १२ वयाला अर्धं, ६५ ते ७५ च्या ज्येष्ठांना अर्धं, ७५ च्या वर मोफत, महिलांना कुठल्याही वयात निदान अर्धी सवलत, बाकीच्यांना पूर्ण भाडं. पायथनमध्ये हे चटकन झालं. हास्केलमध्ये मात्र तीन ठिकाणी गाडी अडली: इफला एल्स दिला नाही तर कंपायलर ऐकत नाही, मध्येच रिटर्न करता येत नसल्यामुळे इफमध्ये इफ होत कोड उजवीकडे सरकत जातो, आणि प्रवाशांच्या यादीवरून फिरताना ब्रेक कसा करायचा ते कळत नाही.

तिन्ही तक्रारींचं मूळ एकच आहे. तुम्ही अट वाचता तेव्हा मनात प्रश्न येतो, 'आता प्रोग्रॅम कुठे जाणार?' फंक्शनल भाषेत अटीला विचारायचा प्रश्न वेगळा आहे: 'या सगळ्याची किंमत काय?' हा एक बदल झाला की बाकीचं बरंचसं आपोआप जागेवर बसतं. तरी दोन गोष्टी परिस्थितीवर अवलंबून आहेत, त्या आधीच सांगतो. भाषा आळशी आहे की तत्पर, म्हणजे लागेल तेव्हाच मूल्य काढते की हाती आल्याबरोबर, यावरून काही उत्तरं बदलतात. आणि तुमचा कोड शुद्ध गणिताचा आहे की इनपुट-आउटपुट करणारा, यावरूनही. मी मुख्यतः हास्केलबद्दल लिहितो, जिथे ओकॅमल, स्काला, क्लोजर किंवा एलिक्सरमध्ये फरक पडतो तिथे तसं सांगेन. कोडचे तुकडे उच्चाराप्रमाणे देवनागरीत आहेत. ते तसेच चिकटवले तर चालणार नाहीत, कारण हास्केलमध्ये कन्स्ट्रक्टरचं (टाइपची मूल्यं बनवणाऱ्या शब्दाचं) नाव कॅपिटल अक्षरानं सुरू व्हावं लागतं आणि देवनागरीत कॅपिटल अक्षरच नाही.

आधी एल्सचं बघू. जावातला इफ हे विधान आहे. अट खोटी निघाली तर काहीच घडत नाही आणि पुढची ओळ चालू होते. हास्केलमधला इफ ही राशी आहे, २ + ३ सारखीच. 'लेट भाडं = इफ वय < ५ देन ०' असं लिहिलंत आणि वय ३० निघालं, तर भाडं म्हणजे काय? उत्तर नाही, म्हणून एल्स सक्तीचा. आणि भाडं हे एकाच टाइपचं असायला हवं, म्हणून देन आणि एल्स या दोन्ही फांद्यांचा टाइप एक. एका फांदीत आकडा आणि दुसरीत "मोफत" ही स्ट्रिंग असं जमणार नाही.

इतर भाषांनी इथे थोडी थोडी तडजोड केली आहे, आणि ती माहीत असलेली बरी. ओकॅमल आणि एफ-शार्पमध्ये एल्स गाळता येतो, पण तेव्हा देनच्या फांदीचा टाइप युनिट ('सांगण्यासारखं काही नाही' अशा रिकाम्या मूल्याचा) असावा लागतो, म्हणजे ती फांदी फक्त परिणामासाठी असते. क्लोजर आणि एलिक्सरमध्ये एल्स नसेल तर निल ('काहीच नाही' हे मूल्य) मिळतं आणि ते निल पुढे कुठेतरी जाऊन फुटतं. स्काला २ मध्ये 'व्हॅल क्ष = इफ (अट) ५' कंपाइल होतं, पण क्षचा टाइप इंट राहत नाही; दुसऱ्या फांदीत युनिट आहे असं धरून तो रुंदावतो, आणि चूक दहा ओळी खाली कळते. एरलँगच्या इफमध्ये एकही अट खरी निघाली नाही तर प्रोग्रॅम चालू असताना इफ-क्लॉजची एरर येते. माझं मत विचाराल तर हास्केल आणि एल्मची सक्ती सगळ्यात स्वस्त पडते, कारण चूक जिथे झाली त्याच ओळीवर दिसते.

'पण मला खरंच काही करायचं नाहीये, फक्त अट खरी असेल तर एक ओळ छापायची आहे' असं असेल, तर इफ वापरूच नका. कंट्रोल डॉट मोनॅड मॉड्यूलमध्ये व्हेन आणि अनलेस आहेत: 'व्हेन (वय > ७५) (पुटस्ट्रलाइन "मोफत")'. अट खोटी असेल तर ते गुपचूप युनिट देतात. हे परिणामांसाठीच आहेत, मूल्य काढण्यासाठी त्यांचा उपयोग नाही.

आता आळशी आणि तत्पर भाषांमधला फरक, कारण त्यामुळे इफचा स्वभावच बदलतो. अटीची राशी ही कल्पना जॉन मॅकार्थींची. १९५७-५८ मध्ये ते एमआयटीत आयबीएम ७०४ वर बुद्धिबळाच्या नियमाप्रमाणे चाली काढणारा प्रोग्रॅम फोरट्रानमध्ये लिहीत होते. त्यांनी एक्सआयएफ नावाचं फंक्शन केलं: पहिल्या आर्ग्युमेंटवरून ते दुसरं किंवा तिसरं परत देई. प्रोग्रॅम आटोपशीर झाले, पण फंक्शन जपूनच वापरावं लागे, कारण फोरट्रानच्या नेहमीच्या फंक्शनसारखं ते बोलावण्याआधी तिन्ही आर्ग्युमेंट काढली जात, नको असलेलंसुद्धा. त्यातून दोनपैकी एकच बाजू काढणारी खरी अटीची राशी सुचली. ती लिस्पमध्ये आली आणि अल्गोल ६० मध्येही.

ही अडचण आजही जशीच्या तशी आहे. हे बघा:

```
जर ट्रू  हो नको = हो
जर फॉल्स हो नको = नको

फॅक्ट न = जर (न == ०) १ (न * फॅक्ट (न - १))
```

हास्केलमध्ये हे व्यवस्थित चालतं, कारण तिसरं आर्ग्युमेंट लागेपर्यंत काढलंच जात नाही. हेच ओकॅमल किंवा पायथनमध्ये लिहिलंत तर न शून्य झाल्यावरही फॅक्ट (न - १) आधी काढायला घेतलं जाईल, मग उणे एक, उणे दोन, आणि शेवटी स्टॅक भरेल. म्हणून तत्पर भाषेत इफ हा भाषेचाच भाग असावा लागतो, किंवा लिस्पसारखा मॅक्रो. तुम्ही स्वतःचं 'अटीनुसार कर' फंक्शन केलंत तर दोन्ही फांद्या फंक्शनमध्ये गुंडाळून पाठवायला विसरू नका. हास्केलमध्ये असं तयार फंक्शन डेटा डॉट बूल मॉड्यूलमध्ये आहे, नाव बूल, पण त्यात खोट्याची बाजू आधी येते आणि खऱ्याची नंतर. इफच्या सवयीनं लिहिलं तर दोन्ही बाजू उलट्या पडतात, आणि टाइप तेच असल्यामुळे कंपायलर हूं की चूं करत नाही. मी ते कोडमध्ये शक्यतो येऊ देत नाही.

आता तुमचं भाडं. सहा अटी एकात एक घालायची गरज नाही, हास्केलमध्ये गार्ड आहेत, म्हणजे उभ्या रेघेनंतर लिहिलेल्या अटी. पण त्याआधी एक पाऊल मागे जाऊन भाड्याचा आकडा लगेच काढू नका. आधी सवलत कोणती ते ठरवा, आकडा नंतर.

```
डेटा सवलत = मोफत | अर्धी | पूर्ण

सवलत_ठरव वय लिंग
  | वय < ५         = मोफत
  | वय > ७५        = मोफत
  | वय <= १२       = अर्धी
  | वय >= ६५       = अर्धी
  | लिंग == स्त्री   = अर्धी
  | अदरवाइज      = पूर्ण

भाडं मूळ स = केस स ऑफ
  मोफत -> ०
  अर्धी  -> (मूळ + १) `डिव्ह` २
  पूर्ण  -> मूळ
```

वरच्या फंक्शनमध्ये क्रमच सगळं काही आहे. गार्ड वरून खाली तपासले जातात आणि पहिला खरा निघाला की तिथेच थांबतात. स्त्रीचा गार्ड सगळ्यात वर नेलात, कारण 'महिलांना अर्धं' हा नियम साधा दिसतो, तर ७८ वर्षांच्या आजींना अर्धं तिकीट लागेल. '<= १२' हा '< ५' च्या वर गेला तर दोन वर्षांच्या बाळाचं अर्धं तिकीट निघेल. यातलं काहीही कंपायलर पकडणार नाही. त्याच्या दृष्टीनं गार्ड म्हणजे नुसता बूलियन. ५ आणि १२ यांचं नातं तो तपासत नाही. जास्त सवलत वर, कमी सवलत खाली, हा क्रम एकदा मनाशी पक्का करा म्हणजे नवा नियम कुठे घालायचा तेही कळतं. आणि सीमा: 'पंचाहत्तरच्या वर' म्हणजे ७५ पूर्ण झालेले धरायचे की ७६ लागलेले, हे नियमाच्या कागदावरून ठरवायचं, कोड लिहिताना अंदाजानं नाही.

अदरवाइज हा काही की-वर्ड नाही. प्रिल्यूडमध्ये, म्हणजे आपोआप मिळणाऱ्या मूळ मॉड्यूलमध्ये, तो ट्रूचं दुसरं नाव म्हणून दिलेला आहे, बस. तो गाळलात आणि एकही गार्ड खरा निघाला नाही, तर हास्केल त्याच फंक्शनच्या पुढच्या समीकरणाकडे जातं. तेही नसेल तर प्रोग्रॅम चालू असताना पडतो. गंमत अशी की 'न < ०', 'न == ०', 'न > ०' असे तिन्ही गार्ड दिलेत तरी कंपायलर अपूर्ण असल्याची सूचना देतो, कारण या तिन्हींत सगळे आकडे आले हे त्याला सिद्ध करता येत नाही. तिथे शेवटचा गार्ड अदरवाइज करा, किंवा 'केस कम्पेअर न ० ऑफ' लिहून एलटी, ईक्यू, जीटी या तीन कन्स्ट्रक्टरांवर फांद्या करा. दुसरा मार्ग मला जास्त आवडतो, कारण तिथे कंपायलर खरोखर मोजतो.

आणि याच कारणासाठी सवलत वेगळा टाइप केला. खालच्या फंक्शनमधल्या केसमध्ये कंपायलर तुमच्या बाजूनं आहे. उद्या ठरावीक टक्क्यांची नवी सवलत आली, तर 'टक्के इंट' हा कन्स्ट्रक्टर वाढवा आणि कंपाइल करा. जिथे जिथे सवलतीवर केस आहे ती प्रत्येक जागा सूचनेत येते. अट एकच: त्या केसमध्ये शेवटी सरसकट '_ -> मूळ' असं लिहिलेलं नसावं. अंडरस्कोर सगळं गिळतो. नवी सवलत आली तरी प्रवाशाला पूर्ण भाडं लागतं आणि कुणाला पत्ताही लागत नाही. पूर्णांक किंवा स्ट्रिंगवर केस करताना अंडरस्कोर लागतोच, त्याला इलाज नाही. आपल्याच टाइपवर मात्र टाळा. जीएचसीला, म्हणजे हास्केलच्या नेहमीच्या कंपायलरला, '-डब्ल्यूऑल' द्या, आणि अपूर्ण पॅटर्नची सूचना '-डब्ल्यूएरर=इनकम्प्लीट-पॅटर्न्स' लावून एरर करून टाका. नव्या प्रोजेक्टमध्ये पहिल्या दिवशी लावली तर काही त्रास नाही. जुन्या कोडवर लावलीत तर दोन-तीन दिवस हेच काम पुरेल.

आणखी एक फायदा सहज मिळाला: अर्ध्या भाड्यात रुपया वर धरायचा की खाली, हा निर्णय आता एकाच ओळीत आहे. अर्ध्या भाड्याच्या तीन फांद्यांत तीन वेळा भागाकार केला असता तर एखाद्या ठिकाणी वेगळं झालंच असतं.

पॅटर्नबद्दलची एक चूक नवशिक्यांकडून हमखास होते, ती इथेच सांगतो. समजा 'मर्यादा = ७५' असं वर ठेवलंय आणि खाली लिहिलंय:

```
केस वय ऑफ
  मर्यादा -> "काठावर"
  _      -> "इतर"
```

इथे वयाची मर्यादेशी तुलना होत नाही. पॅटर्नमधलं नाव म्हणजे नवं व्हेरिएबल. ते कुठल्याही वयाला जुळतं आणि बाहेरची मर्यादा झाकून टाकतं. उत्तर कायम 'काठावर'. खालची फांदी कधीच लागत नाही अशी सूचना येते, ती दुर्लक्षू नका. तुलना हवी असेल तर गार्ड लिहा. एलिक्सरमध्ये यासाठी नावाआधी टोपीचं चिन्ह देतात, आणि एरलँगमध्ये आधीच बांधलेलं नाव पॅटर्नमध्ये आलं तर खरंच तुलना होते. भाषा बदलताना हा फरक फार चावतो.

आता उजवीकडे सरकणारा कोड. तुमच्या प्रोग्रॅममध्ये वय मजकूर म्हणून येतं, ते आकड्यात वाचायचं. दोन गावांच्या नावांवरून टप्पे शोधायचे, एसटीचा एक टप्पा सहा किलोमीटरचा. टप्पे शून्य आले तर तिकीट द्यायचं नाही. प्रत्येक पायरी फसू शकते. पायथनमध्ये तुम्ही प्रत्येक फसव्या ठिकाणी लगेच रिटर्न करत होतात. हास्केलमध्ये तुम्ही केसमध्ये केस, त्यात केस असं केलंय, आणि प्रत्येक नथिंगच्या ('मूल्य नाही' या) फांदीत तोच निरोप. तो जिना आयदर टाइपनं मोडतो; त्यात चूक लेफ्टमध्ये येते आणि बरोबर मूल्य राइटमध्ये:

```
तिकीट :: फॉर्म -> आयदर चूक तिकीट
तिकीट फ = डू
  वय   <- वय_वाच (वयाचा_मजकूर फ)
  टप्पे <- मेबी (लेफ्ट मार्ग_नाही) राइट (टप्पे_शोध (कुठून फ) (कुठे फ))
  अनलेस (टप्पे > ०) (लेफ्ट शून्य_टप्पे)
  लेट स = सवलत_ठरव वय (लिंग फ)
  प्युअर (तिकीट_कर टप्पे (भाडं (मूळ_भाडं टप्पे) स))
```

कुठल्याही ओळीत लेफ्ट आलं की पुढच्या ओळी काढल्या जात नाहीत आणि संपूर्ण डूची किंमत तेच लेफ्ट होते. म्हणजे तुमचा मध्येच रिटर्न इथे आहे, फक्त तो टाइपमध्ये दिसतो. दुसऱ्या ओळीतलं 'मेबी (लेफ्ट मार्ग_नाही) राइट' नीट बघा. टप्पे_शोध मेबी टाइप देतं (मूल्य किंवा नथिंग) आणि हा डू आयदरचा आहे. दोन्ही थेट मिसळले तर टाइप जुळत नसल्याची लांबलचक एरर येते आणि नवा माणूस घाबरतो. एका डूमध्ये एकच प्रकार चालतो, म्हणून मेबीला आधी आयदरमध्ये बदलून घ्यायचं आणि बदलतानाच चुकीला नाव द्यायचं.

आयदर पहिल्याच चुकीवर थांबतं, ही त्याची मर्यादा. फॉर्मवर वयही चुकलंय आणि गावही, तर प्रवाशाला एका वेळी एकच चूक दिसेल. सगळ्या चुका एकदम दाखवायच्या असतील तर डू उपयोगाचा नाही, कारण डूमधली पुढची पायरी मागच्या पायरीचं मूल्य वापरू शकते, आणि मागचं मूल्यच नसेल तर पुढे जाणार कसं? तिथे व्हॅलिडेशन नावाचा टाइप अॅप्लिकेटिव्ह पद्धतीनं वापरतात. तो एकमेकांवर अवलंबून नसलेल्या तपासण्या करून चुका गोळा करतो. माझा साधा नियम: माणसानं भरलेल्या फॉर्मला व्हॅलिडेशन, आतल्या हिशेबाला आयदर.

इनपुट-आउटपुटमध्ये आलात की एक मोठा खड्डा आहे, आणि जावाहून आलेला जवळजवळ प्रत्येक जण त्यात पडतो:

```
मेन = डू
  ओळ <- गेटलाइन
  व्हेन (नल ओळ) (रिटर्न ())
  पुटस्ट्रलाइन "तिकीट काढतो"
```

रिकामी ओळ दिली तरी 'तिकीट काढतो' छापलं जातं. हास्केलचं रिटर्न बाहेर पडत नाही. ते फक्त एक मूल्य आयओमध्ये (इनपुट-आउटपुटच्या टाइपमध्ये) गुंडाळून देतं, आणि ते मूल्य इथे कुणी वापरत नाही. म्हणूनच नवीन कोडमध्ये मी रिटर्नऐवजी प्युअर लिहायला सांगतो. काम तेच, पण जुन्या सवयीला भलती आशा लागत नाही. यावरचा उपाय किती फाटे आहेत त्यावर ठरतो. एकच फाटा असेल तर सरळ इफ-देन-एल्स लिहा आणि उरलेलं काम एल्सच्या फांदीत घाला. एका पायरीनं कोड उजवीकडे गेला म्हणून काही बिघडत नाही. तीन-चार ठिकाणांहून बाहेर पडायचं असेल तर एक्सेप्टटी वापरा, म्हणजे इनपुट-आउटपुटवर चढवलेलं आयदर. त्यात थ्रोएरर हाच मध्येच रिटर्न आणि शेवटी रनएक्सेप्टटी आयदर परत देतं. पण खरं म्हणजे तुमच्या प्रोग्रॅमला त्याचीही गरज नाही. तपासणी सगळी शुद्ध फंक्शनमध्ये आहेच. मेनमध्ये फक्त ओळ वाचा, तिकीट फंक्शन बोलवा आणि आलेल्या आयदरवर एकदा केस करा. एक्झिटफेल्युअरनं सगळंच बंद करता येतं, पण ते आतून एक्सेप्शन फेकतं. वेगळ्या थ्रेडमध्ये बोलावलं तर तो थ्रेड संपतो आणि प्रोग्रॅम चालूच राहतो.

राहिला ब्रेक. 'लूपमधून बाहेर कसं पडू?' याला एक उत्तर नाही. तुम्ही बाहेर का पडताय त्यावर उत्तर ठरतं. हवी ती पहिली वस्तू सापडली म्हणून? मग फाइंड. अट मोडेपर्यंतच्या वस्तू हव्यात? टेकव्हाइल. असं काही आहे का एवढंच बघायचंय? एनी. बेरीज मर्यादेपर्यंत जाईस्तोवरच्या मधल्या बेरजा हव्यात? स्कॅनएल आणि त्यावर टेकव्हाइल. जावात या सगळ्यांसाठी एकच फॉर आणि एकच ब्रेक असतो, म्हणून वाचणाऱ्याला आतलं वाचून हेतू ओळखावा लागतो. इथे हेतू नावातच आहे.

तुमचा नेमका प्रसंग वेगळा आहे: प्रवाशांचे फॉर्म एकामागून एक घ्यायचे, भाड्याची बेरीज करायची, आणि एखादा फॉर्म चुकीचा निघाला की तिथेच थांबून कितव्या क्रमांकावर थांबलो ते सांगायचं. हे फोल्डएमचं काम:

```
एकूण फॉर्म_यादी = फोल्डएम पुढचा ० (झिप [१..] फॉर्म_यादी)
  व्हेअर
    पुढचा बेरीज (क्र, फ) = केस तिकीट फ ऑफ
      लेफ्ट चू -> लेफ्ट (क्र, चू)
      राइट त -> राइट $! (बेरीज + रक्कम त)
```

पहिल्या लेफ्टला फोल्डएम थांबतं, पुढचे फॉर्म बघितलेच जात नाहीत. '$!' (मूल्य लगेच काढायला लावणारं चिन्ह) उगाच नाही. तो काढलात तर आयदरमधली बेरीज लगेच होत नाही. 'बेरीज अधिक अमुक अधिक तमुक' अशी न सोडवलेली साखळी मेमरीत वाढत जाते आणि शेवटी एकदम सोडवली जाते. शंभर प्रवाशांना काही कळणार नाही, दहा लाख ओळींच्या फाइलला कळेल. साध्या फोल्डएलचा दोष हाच आहे, म्हणून बेरजेसाठी नेहमी त्याचा अपॉस्ट्रॉफीवाला भाऊ, फोल्डएल-प्राइम घ्या, जीएचसी ९.१० पासून तो प्रिल्यूडमध्येच मिळतो, आधीच्या आवृत्तीत डेटा डॉट लिस्टमधून आणावा लागतो. जीएचसीला '-ओ' देऊन कंपाइल केलं तर बऱ्याचदा तो हे स्वतःच ओळखतो, पण जीएचसीआयमध्ये (ओळीओळीनं कोड चालवून बघायच्या कन्सोलमध्ये) नाही, आणि त्याच्या ओळखण्यावर विसंबून राहू नये.

कुठल्याच तयार फंक्शनमध्ये बसत नसेल तेव्हा स्वतःचं रिकर्शन, म्हणजे फंक्शननं स्वतःलाच बोलावणं. प्रघात असा की आतल्या मदतनीस फंक्शनला 'गो' म्हणतात:

```
गो !बेरीज [] = बेरीज
गो !बेरीज (क्ष : उरलेले)
  | क्ष < ०          = गो बेरीज उरलेले
  | बेरीज >= मर्यादा = बेरीज
  | अदरवाइज       = गो (बेरीज + क्ष) उरलेले
```

यात तुमच्या ओळखीचं सगळं आहे. गोला पुन्हा न बोलावता उत्तर देणं म्हणजे ब्रेक. बेरीज न बदलता पुढे जाणं म्हणजे कंटिन्यू. लूपची व्हेरिएबलं म्हणजे गोची आर्ग्युमेंट, आणि उद्‌गारचिन्हाचं काम वरच्या '$!' सारखंच, त्यासाठी बँगपॅटर्न्स एक्स्टेन्शन लागतं.

स्टॅकची भीती भाषेप्रमाणे बदलते. गोचं बोलावणं हे फांदीतलं शेवटचं काम असेल तर स्कीम, ओकॅमल आणि एरलँग स्टॅकवर नवी फ्रेम (बोलावण्याची नोंद) घेत नाहीत. '१ + गो उरलेले' यात बोलावण्यानंतर बेरीज बाकी राहते, म्हणून ते शेवटचं काम नाही. क्लोजरमध्ये जेव्हीएममुळे (जावाच्या आभासी यंत्रामुळे) हे आपोआप होत नाही, रिकर लिहावं लागतं. स्काला स्वतःला बोलावणाऱ्या साध्या फंक्शनचा लूप करते, तरी टेलरेक हे अॅनोटेशन लावा. बोलावणं शेवटचं नसेल तर कंपायलर तिथेच अडवतो. पायथनची मर्यादा मुळात एक हजार फ्रेमची आहे, तिथे फॉर लूपच बरा. हास्केलमध्ये जीएचसीचा स्टॅक मशीनच्या ८० टक्के मेमरीपर्यंत वाढू शकतो, त्यामुळे चूक झाली तर स्टॅक ओव्हरफ्लो दिसत नाही. मेमरी फुगत जाते आणि मशीन हळू होतं. हे लक्षण दिसलं की आधी न सोडवलेल्या बेरजा शोधा.

उलट दिशेचं एक सांगायला हवं. एवढं वाचून काही जण इफच हद्दपार करतात आणि 'केस अट ऑफ ट्रू -> ..., फॉल्स -> ...' असं लिहितात. त्यात काही मिळत नाही. हास्केलच्या व्याख्येत इफ म्हणजे नेमका तोच केस आहे. दोन फांद्या आणि एक सरळ अट असेल तर इफच वाचायला सोपा. मात्र 'इफ वय > ७५ देन ट्रू एल्स फॉल्स' दिसलं तर ते 'वय > ७५' एवढंच करा, आणि 'भाडं मूळ ट्रू फॉल्स' अशी बूलियनची रांग दिसली तर तिथे टाइप हवा आहे हे ओळखा. सहा महिन्यांनी त्यातला ट्रू ज्येष्ठाचा की स्त्रीचा हे कुणालाच सांगता येत नाही.

तुमच्या कोडमध्ये हात घालायचा क्रम असा ठेवा: आधी सवलत वेगळी काढा, मग तिकीट आयदरमध्ये आणा, मेन आणि फोल्डएम शेवटी. पहिल्या पायरीनंतरच चाचण्या लिहून घ्या. वयं घ्यायची ४, ५, १२, १३, ६४, ६५, ७५ आणि ७६, प्रत्येक स्त्री आणि पुरुषासाठी, म्हणजे सोळा. त्यातली ७६ वर्षांच्या स्त्रीची आधी लिहा. स्त्रीचा गार्ड चुकून वर सरकला तर वयानं मोफत ठरलेल्या स्त्रियांच्या चाचण्या पडतात, ४ आणि ७६, बाकी चौदा पास होतात; आणि बाळाची चाचणी बहुतेक जण लिहायचीच विसरतात.